एसी बसवण्याआधी: वायर, एमसीबी आणि अर्थिंग

दीड टनाचा स्प्लिट एसी खोलीतली सुमारे ५.३ किलोवॉट उष्णता बाहेर फेकतो आणि त्या कामासाठी दीड किलोवॉटच्या आसपास वीज खातो. २३० व्होल्टच्या घरगुती पुरवठ्यावर हा प्रवाह सात ते आठ अँपिअर भरतो. आकडा घाबरण्यासारखा नाही. दोन किलोवॉटचा गिझर याहून थोडा जास्तच प्रवाह घेतो आणि कित्येक घरांत तो वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेला असतो. फरक वेळेचा आहे. गिझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. वायर तापायला लागते तोवर त्याचं काम संपलेलं असतं. एसी मे महिन्यात रात्रभर चालतो. वायरीतली, जोडातली, सॉकेटमधली उष्णता निघून जाण्याआधी नवी येत राहते. त्यातच एसी नेमका अशा वेळी चालतो, जेव्हा वायर ज्या स्लॅबमधून आणि भिंतीतून गेलेली असते तीही दिवसभराच्या उन्हाने तापलेली असते. पावसाळ्यात आणि थंडीत कुरकुर न करणारी वायरिंग उन्हाळ्यात दगा देते, त्याचं कारण हे.

या कामात एक अडचण माणसांचीही आहे. एसी बसवायला येणारा मेकॅनिक कॉपर पाइप, गॅस आणि ड्रेन यांत तरबेज असतो. विजेचा ‘पॉइंट’ तयार आहे असं तो धरून चालतो. पॉइंट काढून गेलेल्या वायरमनने एसी पाहिलेलाच नसतो. तिथे पुढे काय लागणार, याची त्याला कल्पना नसते. घरमालकाचा बहुतेक वेळ टन, स्टार आणि सवलत यांत जातो. परिणामी मीटरपासून एसीपर्यंतचा सगळा रस्ता कोणाच्याच जबाबदारीत राहत नाही, आणि विजेचे बहुतेक धोके त्याच रस्त्यावर असतात. म्हणून तपासणी एसी घरात येण्याआधी, मीटरपासून सुरू करायची.

महावितरणच्या वीजबिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो. पंखे, दिवे, फ्रिज आणि टीव्ही धरून एके काळी घेतलेल्या जोडणीवर गिझर, मायक्रोवेव्ह आणि दोन एसी चढले, तर भार वाढवून घेण्यासाठी रीतसर अर्ज करावा लागतो. हा निव्वळ कागदी सोपस्कार नाही. मीटर, मीटरच्या खोलीतला मुख्य स्विच आणि तिथून घरापर्यंत आलेली मुख्य वायर यांची क्षमता जुन्या भाराइतकीच असू शकते. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात नवीकोरी वायरिंग केली आणि खालून वर येणारी वायर चाळीस वर्षांपूर्वीची ठेवली, तर दुखणं फक्त जिन्यात सरकतं.

जुन्या इमारतींत आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. काही चाळींत आणि वाड्यांत अजून लाकडी केसिंग-कॅपिंगमधली वायरिंग आहे. तिचं आवरण वाळून कडक झालेलं असतं, वाकवलं की तुकडे पडतात. त्यानंतरच्या काळातल्या अनेक इमारतींत ॲल्युमिनियमच्या वायरी टाकलेल्या आहेत. ॲल्युमिनियम स्क्रूखाली दबून हळूहळू पसरतं आणि जोड सैल होतो; तांब्याशी थेट जोडलं तर दमट हवेत जोड गंजतो. अशा वायरीवर एसी चढवू नये. तिला तांब्याचा तुकडा जोडून पॉइंट काढून देणारे भेटतात. तो तर आणखी वाईट तोडगा.

वायर आणि एमसीबी

एसीसाठी डीबीपासून, म्हणजे घरातल्या वितरण पेटीपासून, स्वतंत्र वायर ओढायची असते. मध्ये दुसरा पॉइंट नाही, जोड नाही, एक्स्टेन्शन बोर्ड तर नाहीच. दीड टनासाठी दर्जेदार तांब्याची अडीच चौरस मिलिमीटरची वायर, बाजाराच्या भाषेत ‘अडीचची’, प्रवाह वाहून न्यायला पुरते. अंतर लांब असेल, व्होल्टेज कमी राहत असेल किंवा दोन टनाचा एसी असेल, तर ‘चारची’ घ्यावी. वायरीवर आयएसआय चिन्ह आणि आयएस ६९४ हा मानक क्रमांक छापलेला असतो.

जाडीचा फरक किती पडतो, हे एका हिशेबातून दिसतं. डीबीपासून एसी २० मीटरवर आहे आणि वायर दीडची आहे असं धरू. जाऊन-येऊन ४० मीटर तांब्याचा रोध जवळपास अर्धा ओहम होतो. आठ अँपिअरला त्यात सुमारे चार व्होल्ट पडतात आणि ३० वॉट उष्णता भिंतीतल्या पाइपात मुरत राहते. चालू असताना हे चालून जाईल. पण इन्व्हर्टर नसलेल्या एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो. तो ४० अँपिअर धरला, तर त्या क्षणी १९ व्होल्ट वायरीतच खर्च होतात. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज १९० वर आलेलं असेल, तर कॉम्प्रेसरच्या वाट्याला १७१ उरतात; तो हुंकारतो, फिरत नाही, आणि अडकलेली मोटर तोच प्रचंड प्रवाह ओढत राहते. चारची वायर असती, तर ही घट साडेसात व्होल्टच्या आत राहिली असती. इन्व्हर्टर एसी वेग हळूहळू वाढवतो, त्यामुळे त्याच्यात हा धक्का बसत नाही. वायरीत केलेली काटकसर मात्र त्याच्याही बाबतीत रात्रभराच्या उष्णतेतून वसूल होतेच.

एमसीबी वायरीला वाचवण्यासाठी असतो, एसीला वाचवण्यासाठी नव्हे. हे ध्यानात घेतलं की निवड सोपी होते: एमसीबीचा आकडा एसीच्या कमाल प्रवाहापेक्षा जास्त असावा, पण वायरीच्या क्षमतेपेक्षा जास्त नसावा. पाइपातल्या अडीचच्या वायरीची क्षमता साधारण वीस अँपिअरच्या आसपास धरतात, म्हणून दीड टनाला १६ किंवा २० अँपिअरचा एमसीबी लावतात. एसीवरच्या पट्टीवर कमाल प्रवाह छापलेला असतो, तो वाचून ठरवावं. आकड्याआधीचं अक्षरही महत्त्वाचं. ‘बी’ प्रकारचा एमसीबी छापील आकड्याच्या तीन ते पाच पट प्रवाहाला तत्काळ पडतो, तर ‘सी’ प्रकारचा पाच ते दहा पट प्रवाहाला. कॉम्प्रेसरच्या सुरुवातीच्या धक्क्यासाठी ‘सी’ योग्य.

एमसीबीबद्दल मोठा गैरसमज असा, की छापील आकडा ओलांडला की तो लगेच पडतो. मानकाप्रमाणे २० अँपिअरच्या एमसीबीने २९ अँपिअरला एका तासाच्या आत पडायचं असतं. म्हणजे पाऊण तास तो तितका प्रवाह जाऊ देऊ शकतो आणि तरीही सदोष ठरत नाही. वायर त्याच्यापेक्षा सोशिक असायला हवी, ती एवढ्यासाठी. एमसीबी वारंवार पडतो म्हणून त्या जागी ३२ चा बसवण्याचा उपाय सर्रास केला जातो. त्याने पडणं थांबतं खरं. पण आता आधी वितळते ती भिंतीतली वायर.

एसीजवळ लावायच्या धातूच्या ‘एसी बॉक्स’मध्ये डबल पोल एमसीबी घ्यावा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रलची अदलाबदल झालेली घरं दुर्मीळ नाहीत. तिथे एकेरी एमसीबी खाली केला की एसी बंद पडतो, पण आत फेज तसाच जिवंत राहतो.

अर्थिंग

एसीच्या आत फेजची वायर घासून पत्र्याला टेकली, तर पत्रा जिवंत होतो. अर्थची हिरवी वायर त्या प्रवाहाला जमिनीकडे वाट देते. प्रवाह मोठा झाला की एमसीबी पडेल, असं सांगितलं जातं. इथे हिशेब करून पाहण्यासारखा आहे.

स्वतंत्र बंगल्याची किंवा गावातल्या घराची अर्थिंग पुष्कळदा अंगणातल्या खड्ड्यातून घेतलेली असते. समजा, तिचा रोध १० ओहम आहे आणि ट्रान्सफॉर्मरकडच्या अर्थचा २ ओहम. पत्रा जिवंत झाल्यावर २३० व्होल्ट या १२ ओहममधून सुमारे १९ अँपिअर प्रवाह घालवतील. २० अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने हा नेहमीचा प्रवाह झाला. तो पडणारच नाही. आणि एसीच्या पत्र्यावर जमिनीच्या तुलनेत १९० व्होल्ट उभे राहतील. अर्थिंग आहे, एमसीबी आहे, दोन्ही आपापल्या जागी धडधाकट आहेत, आणि तरी हात लावणारा माणूस मरू शकतो. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडून रोध ५० ओहमवर गेला, तर प्रवाह आणखी घटतो.

हा पेच आरसीसीबी हे उपकरण सोडवतं. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत आला का, एवढंच ते पाहतं. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला तर ०.३ सेकंदाच्या आत, आणि फरक मोठा असेल तर ०.०४ सेकंदात ते पुरवठा तोडतं. वरच्या उदाहरणातला १९ अँपिअरचा गळका प्रवाह त्याच्या मर्यादेच्या सहाशे पटींहून मोठा आहे. अर्थचा रोध १०० ओहम असला, तरी दोन अँपिअरहून जास्त प्रवाह गळतो आणि आरसीसीबी पडतं. मर्यादा ३० मिलिअँपिअरची का, याचं उत्तर माणसाच्या शरीरात आहे. दहा मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडून पकड सुटेनाशी होते. पन्नासच्या वर प्रवाह सेकंदभर छातीतून गेला, तर हृदयाचे ठोके विस्कटू शकतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक नियमांतही घरगुती जोडणीसाठी हीच मर्यादा आहे. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचं उपकरण आगीपासून काहीसं संरक्षण देतं, माणसाला पुरेसं नाही.

आरसीसीबीच्याही मर्यादा आहेत. जादा भार त्याला कळत नाही, म्हणून एमसीबी सोबत लागतोच. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला, तर त्याच्या लेखी तो माणूस म्हणजे एक बल्ब. इन्व्हर्टर एसीच्या सर्किटमुळे अर्थकडे काही मिलिअँपिअर प्रवाह नेहमीच जात असतो. सगळ्या घराला एकच आरसीसीबी असेल आणि अशी उपकरणं तीन-चार असतील, तर ते विनाकारण पडू लागतं. यावर उपाय एसीला स्वतंत्र आरसीबीओ देणं; त्यात एमसीबी आणि आरसीसीबी एकत्र असतात. इन्व्हर्टर एसीसाठी ते ‘ए’ प्रकारचं घ्यावं, कारण अशा उपकरणातला बिघाडाचा प्रवाह शुद्ध प्रत्यावर्ती (एसी) असेलच असं नाही, आणि जुन्या, स्वस्त ‘एसी’ प्रकाराला तो नीट ओळखता येत नाही. पावसाळ्यात पडतं म्हणून आरसीसीबी ‘बायपास’ करून घेणं ही सर्वांत महागडी सोय आहे. पावसात ते पडतं, कारण कुठेतरी ओल शिरलेली असते.

अर्थिंग नसलेल्या जुन्या घरात वायरमन कधीकधी झटपट मार्ग काढतो: सॉकेटच्या आतच न्यूट्रलवरून एक तुकडा ओढून अर्थच्या पिनला जोडतो. टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये लावला तर लख्ख पेटतो आणि घरमालकाचं समाधान होतं. पुढे कधीतरी खांबावर किंवा मीटरपाशी न्यूट्रल सुटतो. त्या क्षणी घरात एखादा बल्ब जरी चालू असला, तरी फेज त्या बल्बमधून तुटलेल्या न्यूट्रलवर येतो, तिथून त्या तुकड्यावरून थेट एसीच्या पत्र्यावर. एसीत काहीही बिघाड नसताना त्याचं अंग जिवंत होतं. लाइन दुरुस्त करताना फेज-न्यूट्रल उलटे जोडले गेले, तर एवढंही घडावं लागत नाही. नळाच्या पाइपाला अर्थ बांधण्याची पद्धतही आता सोडून द्यायची आहे. पूर्वी लोखंडी पाइप सलग जमिनीपर्यंत जात असे. आता मध्ये कुठेतरी प्लॅस्टिकचा तुकडा बसवलेला असतो, आणि त्याच्या अलीकडचा सगळा लोखंडी भाग, नळासकट, जिवंत होण्याची सोय होऊन बसते.

स्क्रू, सॉकेट आणि वास

एसीशी संबंधित जळण्याचे प्रकार पाहिले तर सुरुवात फार वेळा एखाद्या सैल स्क्रूपाशी सापडते. टर्मिनलमध्ये वायर पूर्ण शिरत नाही म्हणून काही तारा कापून टाकलेल्या असतात. उरलेल्या स्क्रूखाली अर्धवट दबतात. अशा जोडाचा रोध ०.३ ओहम जरी झाला, तरी आठ अँपिअरला तिथे १९ वॉट उष्णता तयार होते. रेडिओ-दुरुस्तीवाल्याची कथिल वितळवणारं सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॉटचं असतं. जवळपास तेवढी गरम वस्तू सॉकेटच्या प्लॅस्टिकमध्ये रात्रभर रुतवून ठेवल्यासारखं हे आहे. तापलं की धातू प्रसरण पावतो, थंड झाला की आकसतो, स्क्रू आणखी सैल होतो, रोध वाढतो. एमसीबीला यातलं काही कळत नाही, कारण प्रवाह आठच अँपिअर असतो. आरसीसीबीलाही कळत नाही, कारण गळती नसते. कळतं ते नाकाला आणि डोळ्यांना. तापलेल्या बेकलाइटच्या जातीच्या प्लॅस्टिकला मासळीसारखा उग्र वास येतो. कोकणातल्या घरात तो आला की माणूस आधी स्वयंपाकघरात जाऊन पाहतो. सॉकेटच्या फेजच्या भोकाभोवती तपकिरी कडा दिसते, प्लग काढला तर एक पिन काळसर आणि दुसरी चकचकीत असते. हे दिसलं की प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलायचे. एकच बदलला, तर जुन्याची झिजलेली पकड नव्याला आठवड्याभरात आपल्यासारखं करते.

सोळा अँपिअरचा चांगला सॉकेट दीड टनाला चालतो. त्याहून मोठ्या एसीला धातूच्या आवरणाचा, पक्की पकड असलेला औद्योगिक प्लग किंवा थेट टर्मिनलची जोडणी बरी. बारीक तारांच्या वायरीला टोकाला लग दाबून मगच ती स्क्रूखाली घ्यावी. सॉकेट इनडोअर युनिटच्या बरोबर खाली नसावा. ड्रेन तुंबला की पाणी तिथेच ठिबकतं.

आउटडोअर युनिट

आतल्या आणि बाहेरच्या युनिटमध्ये साधारणपणे चार तारांची केबल जाते: फेज, न्यूट्रल, सिग्नल आणि अर्थ. क्रमांक जुळवून जोडायची ही केबल उलटसुलट झाली, तर पहिल्याच क्षणी कंट्रोल बोर्ड जळू शकतो. काही कंपन्या पुरवठा आतल्या युनिटला द्यायला सांगतात, काही बाहेरच्या. पुस्तिका उघडून पाहण्यावाचून गत्यंतर नाही. केबल सलग असावी, उन्हापावसात टिकणारी असावी. भिंतीतल्या भोकात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पावसाचं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जातं, केबलवरून घरात येत नाही.

शहरांतल्या इमारतींत आउटडोअर युनिट पुष्कळदा खिडकीच्या लोखंडी ग्रिलमध्ये बसवलेलं असतं, आणि त्याच ग्रिलवर ओले कपडे वाळत असतात. युनिट, त्याचा स्टँड आणि ग्रिल ही विजेच्या दृष्टीने एकच वस्तू होते. केबलमधली हिरवी तार तुटलेली असेल, तर आत झालेली गळती थेट कपडे काढणाऱ्या हातापर्यंत पोहोचते. म्हणून बाहेरच्या युनिटच्या अर्थ-स्क्रूपासून घरातल्या मुख्य अर्थपर्यंत तार सलग आहे ना, हे मल्टिमीटरने मोजून घ्यावं. किनारपट्टीवर खाऱ्या हवेने हे स्क्रू दोन-तीन पावसाळ्यांत गंजून जातात. उंदीर केबल कुरतडतात. उबेला आलेली पाल बोर्डावरच्या दोन टर्मिनलांना एकदम टेकली की स्वतः मरते आणि इन्व्हर्टरचा बोर्ड घेऊन जाते. सर्व्हिसच्या लोकांना यात काही नवल वाटत नाही.

रिमोटने बंद केलेला एसी विजेच्या दृष्टीने बंद नसतो. झाकण उघडण्याआधी एमसीबी खाली करायचा आणि त्यानंतरही थांबायचं. इन्व्हर्टरच्या बोर्डावर पुरवठ्याचं रूपांतर सुमारे ३२५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त डीसीमध्ये होतं आणि कपॅसिटर ते साठवून ठेवतात. किती मिनिटं थांबायचं ते कंपनीने झाकणावर लिहिलेलं असतं. नव्या एसींत आर-३२ हा कमी ज्वलनशील आणि काहींत आर-२९०, म्हणजे प्रोपेन, हा चांगलाच ज्वलनशील वायू असतो. गॅस गळत असल्याची शंका असताना स्विच चालू-बंद करू नये, आधी खिडक्या उघडाव्यात.

बसवण्याच्या दिवशी

भिंतीला भोक पाडण्याआधी आतल्या वायरी कुठून जातात हे पाहावं लागतं. स्विचबोर्डाच्या बरोबर वर आणि आडव्या रेषेत वायर असण्याची शक्यता सर्वाधिक. त्या पट्ट्यात ड्रिल चालवू नये. वायरिंगचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच करायचं, ही अट १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून चालत आलेली आहे आणि आजच्या नियमांतही कायम आहे. त्याच्याकडून चाचणीचा अहवाल मागता येतो, पण मागणारे थोडेच.

नव्या वायरीची चाचणी एसी जोडण्याआधी करतात. ५०० व्होल्टच्या मेगरने फेज-न्यूट्रल आणि या दोहोंपासून अर्थपर्यंतचा इन्सुलेशन रोध मोजायचा; तो किमान एक मेगओहम हवा, आणि नव्या वायरीचा त्याहून कितीतरी जास्त येतो. एसी जोडलेला ठेवून मेगर फिरवला, तर त्याचा बोर्ड जाऊ शकतो. मग अर्थची सलगता, फेज-न्यूट्रलची योग्य बाजू आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण पाहायचं. निऑनचा टेस्टर फेज कुठे आहे एवढंच सांगतो. अर्थ चांगला आहे की नाही याबद्दल तो गप्प असतो. शेवटी एसी तास-दीड तास चालवून एमसीबी खाली करावा आणि प्लग काढून पिना हाताला किती गरम लागतात ते पाहावं. कोमट चालेल, चटका बसता कामा नये.

स्टॅबिलायझर लागतो की नाही, हे पट्टीवरच्या व्होल्टेजच्या मर्यादेवरून ठरतं. बरेच इन्व्हर्टर एसी मोठा चढउतार सोसतात. वीज जाऊन लगेच आली की साध्या कॉम्प्रेसरला दाब समान व्हायला तीनेक मिनिटं लागतात. ती उसंत एसीचा बोर्ड किंवा स्टॅबिलायझर देतो. वेगळा धोका न्यूट्रल उडण्याचा. तीन फेजच्या पुरवठ्यात सामाईक न्यूट्रल तुटला, तर कमी भाराच्या फेजवरच्या घरांत २३० ऐवजी ४०० च्या जवळ व्होल्टेज जाऊ शकतं. एमसीबी त्याची दखल घेत नाही. जादा व्होल्टेजला पुरवठा तोडणारं उपकरण डीबीत बसवलं, तर एसीबरोबर फ्रिज आणि टीव्हीही वाचतात.

आरसीसीबीचं टेस्ट बटण अधूनमधून दाबावं, आणि उन्हाळा सुरू होण्यापूर्वीच्या सर्व्हिसिंगमध्ये फिल्टरबरोबर टर्मिनलचे स्क्रूही आवळून घ्यावेत. घर बदलताना एसी काढून नेला, की बाहेर लोंबणाऱ्या केबलची टोकं पुष्कळदा नुसती चिकटपट्टी गुंडाळून सोडलेली दिसतात. ती केबल डीबीतून किंवा एसी बॉक्समधून मोकळी करावी, पुढच्या माणसाने एमसीबी वर केला तरी तिच्यात वीज जाणार नाही अशी.